बाळं गार का पडतात

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि मग हातात पेन आलं ते पगाराच्या सहीपुरतं. कुठली वेलांटी कुठं द्यायची हे मला अजून कळत नाही, हाताला येईल ती देते. हे कुणी वाचावं म्हणून लिहिलेलं नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत बोलायची मला पहिल्यापासून लाज वाटते. कागदासमोर तेवढी वाटत नाही.

हंगाम सुरू झाला. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत लेकीकडं राहते. सकाळी दांडीवर धुणं घातलं की दुपारपर्यंत त्यावर बारीक काळी काजळी येऊन बसते. कुठल्या तरी फडात उसाचं पाचट पेटवलेलं असतं. ही काजळी बोटानं पुसायची नसते, पुसली की पसरते. फुंकर घालून उडवायची. लेक वैतागते, "आई, उद्यापासनं धुणं आत घालायचं बघ." लांबच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात, त्यांची गाणी घरांवरून उड्या मारत इथपर्यंत येतात. लोकांना ती वरातीसारखी वाटत असतील. मला ती ऐकली की हात गार पडल्यासारखे होतात. मग मी उलट्या हातानं माझाच दुसरा हात तपासते.

ही सवय मगदूम सिस्टरची. बिद्रीकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात मी आया होते, बाळंतपणाच्या खोलीत. सिस्टर तिथल्या नर्स. बाळ समोर आलं की आधी उलटा हात त्याच्या तळपायाला लावायच्या, मग पोटाला. "पाय गार आन् पोट ऊन असलं तर अजून येळ हाय मावशी," त्या मला म्हणायच्या. "पोट बी गार लागलं, तर मग पळायचं." त्या जैनांच्या घरातल्या, दिवस बुडाल्यावर खायच्या नाहीत. दुपारपाळीला असल्या की उन्हं कलायला लागताच खिडकीशी उभ्यानं डबा उघडायच्या, एक डोळा बाहेरच्या उन्हावर आणि एक आतल्या बाईवर. नेमकी त्याच वेळी बाई अडली, तर डबा झाकणासकट घरी परत. हंगामात तो कितीदा तरी तसाच परत जायचा.

हंगामाचा एक वास असतो. कारखान्याच्या मळीचा, गोड आणि कुजका, दोन्ही एकदम. तो वास पडद्यांना लागायचा, औषधाच्या कपाटात शिरायचा. त्या वासाबरोबर बीडकडच्या बाया यायच्या. हातांवर उसाच्या पानांचे बारीक ओरखडे, केसांत कुसळं. काही जणी फडातून सरळ यायच्या, कमरेला कोयता तसाच. काही जणी तर कोपीतच मोकळ्या व्हायच्या. कोपी म्हणजे उसाचं पाचट आणि कापड टाकून केलेली झोपडी, उभं राहिलं तर डोकं लागेल अशी. त्यांच्या टोळीत सरूमाय म्हणून एक म्हातारी सुईण होती. तिनं मोकळ्या केलेल्या बाया दुसऱ्या दिवशी आमच्याकडं यायच्या, बाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. पाचवी पुजल्याशिवाय बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. जुनं कापड मऊ असतं, पण धुऊन धुऊन त्यातली ऊब गेलेली असते. आणि जन्मल्या जन्मल्या आंघोळ घातलेली. पौषातली थंडी, नदीकाठचं वारं. सिस्टर उलटा हात लावायच्या आणि त्यांचा चेहरा आवळून यायचा.

ज्या सालची ही गोष्ट, त्याच्या आदल्या हंगामात असंच एक बाळ हातातून गेलं होतं. कागदावर लिहिलं, वजन कमी. सिस्टरनी स्वतःच्या हातानं लिहिलं, कारण तिथं लिहायला तेवढीच जागा होती. नंतर बेसिनशी हात धूत बराच वेळ उभ्या राहिल्या. "मावशी, वजन कमी हुतं म्हणून न्हाय गेलं ते," त्या म्हणाल्या. "गार पडलं म्हणून गेलं. पर मी म्हणून कोण ऐकतंय? नर्सचं म्हणणं म्हणजे म्हणणंच. दाखवून द्याय पायजे."

आणि त्याच साली वरून कागद आला. सरकारनं धोरण केलं होतं, की नर्सबायांनीही संशोधन करावं. आपल्या कामात जे खटकतं त्याचा प्रश्न करावा, माहिती गोळा करावी, अहवाल लिहावा. त्यासाठी कोल्हापुरात शिक्षण आणि थोडी रक्कमही मिळणार. सिस्टर शिक्षण घेऊन आल्या त्या दिवशी त्यांच्या खांद्याला नवी पिशवी होती. वय विसरून त्या मला पिशवीचे कप्पे दाखवत बसल्या. "मावशी, तिथं आमास्नी इचारलं, तुमचा प्रश्न काय? आजपतुर मला असं कुणी इचारलंच न्हवतं वं. गोळ्या दिल्या का, सुई दिली का, एवढंच इचारत्यात." त्यांनी तिथं प्रश्न सांगितला होता, ऊसतोडीच्या बायांची बाळं गार का पडतात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, फार चांगला प्रश्न आहे. हे सांगताना सिस्टर लाजल्या. लाजणं मला ओळखू येतं.

डॉक्टरांनी कागद वाचला. ते परगावचे, भले माणूस. त्यांनी एका ओळीखाली बोट ठेवलं. "हे वाचलंत का सिस्टर? नेहमीच्या कामात खोळंबा न होता."

"न्हाय हुणार खोळंबा, सर."

"तुमच्याकडून होणार नाही, माहीत आहे. पण तुम्ही कोप्यांवर गेलात तर इथं कोण? मला एक माणूस जास्तीचं द्यायला सांगा, रोज सोडतो तुम्हाला."

जास्तीचं माणूस कुणी दिलं नाही. मागितलं होतं, एवढं मला माहीत आहे.

आलेल्या पैशातून सिस्टरनी बाळांचा ताप बघायचे काटे घेतले, थंडीत खाली उतरलेला आकडाही दाखवणारे. लोकरीच्या टोप्या घेतल्या. आणि वॉर्डातच कामाला लागल्या. बाई खाटेवर टेकली की सिस्टर कागद घेऊन उशाशी. मी पलीकडं कपडे घडी घालत ऐकायची.

"बाळाला जन्मल्या जन्मल्या आंघोळ घातली का? घालायची नसती, कळलं का?"

"नाय बाई, कशाला घालताव."

"छातीशी धरलं का? धराय पायजे. उघड्या अंगाशी."

"हाव बाई, धरलं की."

सिस्टर खूण करायच्या आणि पुढं. बाळाच्या कानामागं हळद-तेलाचा आंघोळीचा पिवळा ओघळ तसाच असायचा आणि कागदावर पडायचं, आंघोळ नाही. सिस्टरना तो ओघळ दिसत नव्हता असं नाही. पण इतकी वर्षं बायांना सांगत आलेलं तोंड ते. विचारायला उघडलं की सांगूनच मिटायचं.

शिकवणाऱ्या बाई एकदा काम बघायला आल्या. चहा घेत त्यांनी कागद चाळले आणि एकदम हसायला लागल्या. वाईट हसणं नव्हतं, तरी सिस्टरचा कप हातातच राहिला.

"अहो सिस्टर, सगळ्यांची उत्तरं एकसारखी कशी? एकही बाई आंघोळ घालत नाही, मग तुमची बाळं गार पडतात कशानं?"

सिस्टरनी कप खाली ठेवला.

"तुम्ही विचारत नाही, तुम्ही शिकवताय. शिकवा की, पण नंतर. आधी पांढरा डगला काढून जा त्यांच्याकडे. गप्प बसा आणि बघा."

त्या गेल्यावर सिस्टर माझ्यावरच घसरल्या. "आन् तुमी वं? तिथं कपडे घड्या घालत उभ्या आसता, एकदा तरी म्हणायचं!" मी काय म्हणणार? मला वाटलं होतं, संशोधन असंच असतं.

मग त्यांनी ठरवलं, सुट्टीच्या वारी कोप्यांवर जायचं, मलाही घेऊन. पहिल्या दिवशी वाटेत म्हणाल्या, "मावशी, आज तुमी इचारा. मी बोलले की बाया सावध हुत्यात." कोप्यांपाशी चुली पेटल्या होत्या, धूर जमिनीलगत पसरत होता. बाया आमच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "कोंबड्या अंडी घालत्यात का?"

बाया हसून हसून खाली बसल्या. सरूमाय म्हणाली, "दवाखान्याच्या बाया कवापासून अंडी मोजाया लागल्या?" सिस्टरही डोळे पुसत हसत होत्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्या हसण्यानंतर आम्हाला बसायला पोतं मिळालं.

त्या दुपारी सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. किती अवघड गेलं असेल त्यांना! पदराचं टोक मुठीत धरून ठेवायच्या. एक बाई बाळाला उघडं टाकून भाकरी थापत होती, सिस्टरची मूठ आवळली. एकीनं बाळाच्या तोंडाला मध लावला, सिस्टरनी मान वळवली. घरी येताना वाटेत थांबून दगडावर बसून भराभर लिहून काढलं. "खरं आज कळाय लागलं मावशी," त्या म्हणाल्या. आंघोळ का घालतात, तर पाणी तापवलेलं असतं ते त्याच वेळी. टोळी फडात गेली की सरपण घालायला कोपीवर कुणी नाही. उद्या ऊन पाणी मिळेल याची खात्री नाही, मग आजच घालून घ्यायची. अडाणीपणा म्हणून नाही, सोय म्हणून. हे वॉर्डातल्या खाटेवर कुणी सांगितलं नव्हतं.

अशा काही सुट्ट्या गेल्या. सिस्टरच्या घरचे बोलायला लागले असणार, त्या सांगायच्या नाहीत. मला ते दिवस आठवतात ते रंगानं. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांचा फिका रंग, काजळीचा काळा, आणि दुपारी चारच्या उन्हात सिस्टरचा उघडलेला डबा, ज्यातलं अर्धं बायांच्या पोरांच्या हातात गेलेलं असायचं. "मागच्या हंगामाच्या त्या बाळासाठी हे करतीया मी," एकदाच त्या म्हणाल्या. "कारखाना बंद व्हायच्या आत पुरं व्हायला पायजे. टोळ्या गेल्या की कुणाला इचारायचं?" मग आम्ही दोघी कारखान्याच्या धुराड्याकडं बघायला लागलो. धूर आहे तोवर दिवस आहेत, असं.

एका सुट्टीला आम्ही पोचलो आणि कौसल्या नुकतीच मोकळी झालेली. कौसल्या म्हणजे सरूमायची नात, लग्नाचं वय झालं असेल नसेल एवढीच पोर. वारं असं होतं की कोपीचं कापड फडफडत होतं. सरूमायनं बाळ परातीत धरलेलं, पाणी ऊन होतं, पण बाळ पाण्याबाहेर आलं की वारं. सिस्टर दारात बसल्या. कागद मांडीवर. नेमकं हेच त्यांना बघायचं होतं. आंघोळीआधी काट्यावर किती, नंतर किती, कोरडं करायला किती वेळ. कुणी न सांगता, जसं होतं तसं. मी त्यांचा हात बघत होते. त्यांनी लिहायला सुरुवात केली, आणि बाळाच्या ओठांचा रंग बदलायला लागला.

कागद मांडीवरून मातीत पडला. सिस्टर आत शिरल्या, म्हातारीच्या हातातून बाळ घेतलं, पदरानं पुसलं, कौसल्याची चोळी सोडून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि दोघांवर स्वतःचा स्वेटर टाकला. "हात लावू नगा कुणी! आसंच ऱ्हाऊ द्या!" सरूमाय ओरडली, "आगं, पारोसं ऱ्हाईल लेकरू!" सिस्टरनी तिलाच खाली बसवलं, तिचा सुरकुतलेला हात उलटा केला आणि बाळाच्या तळपायाला लावला. "आता गप बसायचं आन् हितनं हात काढायचा न्हाय." दोघी तशाच बसून राहिल्या. कापड फडफडत होतं. बऱ्याच वेळानं म्हातारी हळूच म्हणाली, "ऊन व्हाया लागलं वं."

परत येताना सिस्टर आनंदात असतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "हे लेकरू माझ्या कागदातनं गेलं मावशी. मी हात घातला, आता ह्याचं लिवता येणार न्हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर हात न घालणारी नर्स कुठनं आणायची?" मी त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली.

त्यानंतर सगळं उतरणीला लागलं. दवाखान्यातल्या दुसऱ्या पाळीच्या नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यांची पाळीही सिस्टरवर. मग लसीकरणाची मोहीम. सुट्ट्या बंद. सिस्टरनी अर्ध्या दिवसाची सूट मागितली, तर वरच्या कार्यालयानं त्याच ओळीवर बोट ठेवलं, नेहमीच्या कामात खोळंबा न होता. पिशवी खुंटीला अडकवलेली असायची, तिच्यावरही काजळी बसायला लागली. मी रोज फुंकर घालून उडवायची. आणि कारखान्याला धूर असतानाच बदलीचा कागद आला, शाहूवाडीकडं, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात.

"तिकडं भात पिकतो मावशी, ऊस न्हाय," सिस्टर म्हणाल्या. एवढंच.

त्या गेल्या. जाताना काटे आणि टोप्या वॉर्डात ठेवून गेल्या, बाळांना लागतील म्हणून. पुढं कारखान्याचा भोंगा झाला, हंगाम संपला. टोळी निघाली तेव्हा ट्रॅक्टर दवाखान्यासमोर थांबवून कौसल्या उतरली. कडेवर लेकरू, त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी, उन्हाळा तोंडावर आला होता तरी. "सिस्टरला सांगा, पुढल्या साली येताव," ती म्हणाली. "त्यांचं काय इचारायचं ऱ्हायलं आसंल ते तवा इचारा म्हनावं." मी मान हलवली. पुढच्या साली ती खरंच आली. दारात उभी राहून सिस्टर कुठं आहेत म्हणून विचारत होती. सरूमाय त्या साली टोळीत नव्हती. मी कौसल्याला चहा दिला. तिच्याशी बोलायला मला लाज वाटली नाही, फक्त सांगण्यासारखं काही नव्हतं.

मध्ये माझ्या लेकीचं बाळंतपण झालं, इथं कोल्हापुरात, चांगल्या दवाखान्यात. नात झाली. एक कोवळी नर्स आली आणि नात अंगावर एक चिंधी न घालता लेकीच्या छातीवर ठेवली, वरून पांघरूण. लेकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आंघोळ?" नर्स म्हणाली, "आज नाही आजी. तसं वरून लिहून आलंय आता." मी पुढं होऊन उलटा हात लावला. पाय ऊन होते. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, नातीच्या आनंदानं. वरून लिहून आलंय म्हणजे कुठं तरी, कुणी तरी, कुणाला तरी विचारलं असणार. गप्प बसून बघितलं असणार. त्याला तेवढे दिवस मिळाले असणार. पण ऊन पाण्याचं कारण त्याला कळलं असेल का? लिहून आलेला तो कागद कोप्यांवर गेला तर परातीतलं पाणी त्याला थांबवेल का? मला नाही वाटत. कोपीवर सरपण घालायला अजून कुणी नसतं.

या हंगामाचा पहिला ट्रॅक्टर गेला त्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. वर्षातून एखादा येतो. नात मांडीवर झोपली होती, म्हणून मी हळू बोलत होते. त्यांनी कौसल्याचं विचारलं, मला माहीत नव्हतं. काटे अजून वॉर्डात आहेत का विचारलं. मी म्हणाले, नव्या आयाला विचारलं होतं, कपाटात आहेत म्हणाली, सेल संपलेत. त्यांच्याकडं पाऊस अजून सरला नसावा, पत्र्याचा आवाज येत होता.

मग म्हणाल्या, "मावशी, एक सांगायचं ऱ्हायलं. ते पैसे फिटलं बघा."

"कुठलं पैसे, सिस्टर?"

"संशोधनाचं वं. मुदतीत अहवाल दिला न्हाय म्हणून सगळी रक्कम परत करा म्हणालं हुतं की. काट्याचं, टोप्यांचं, सगळं. पगारातनं कापत हुतं. ह्या महिन्यात शेवटचं गेलं."

मी म्हणाले, "मग त्यो तुमचा प्रश्न?"

"पैसे आलं तसं गेलं, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्या दप्तरी आता असं हाय, की त्या साली आमच्या दवाखान्यात कुणी काय इचारलंच न्हवतं."

त्यांचा डबा उघडायची वेळ झाली होती, म्हणून फोन ठेवला. मी नातीच्या पायाला उलटा हात लावून बसून राहिले. पावती आली आहे म्हणाल्या, शिक्का मारलेली. सगळी रक्कम पूर्ण जमा.